गुराखिणीचा कोट

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन आली तेव्हा तिला गाईची भीती वाटायची. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून कोणाला वाटेल की ही बाई गोठ्यातच जन्मली असेल. तिचे वडील शिंपी होते. घरात सुईदोरा, कात्र्या आणि एक मांजर, याच्यापलीकडे जनावर म्हणून तिनं काही पाहिलं नव्हतं. आमच्या मोरी गाईच्या पणजीनं पहिल्याच दिवशी तिच्या तोंडावर फुस्स केलं, तर ही दाराआड जाऊन उभी राहिली.

आणि त्याच दिवसापासून सगळी वस्ती तिला गुराखीण म्हणायला लागली.

माझा दीर गुराखी होता, म्हणून. वस्तीतल्या सगळ्यांच्या गाई सकाळी तो घेऊन जायचा, टेकडीपलीकडच्या माळावर चारायचा, संध्याकाळी ज्याची त्याला आणून सोडायचा. आता गुराख्याची बायको ती गुराखीण, यात कोणी विचार करत नाही. धाकटीनं मात्र केला. चार दिवसांनी मला म्हणते, "जाऊबाई, मी तर अजून गाईला हातसुद्धा लावला नाही."

मी म्हटलं, "अगं, मास्तरीणबाईंना तरी कुठं पाढे येतात?"

ती हसली. तेव्हा हसायची.

या शब्दाला वस्तीत तसा फार मान नव्हता. केस न विंचरता कोणी मुलगी बाहेर पडली की तिची आई म्हणायची, काय गुराखिणीसारखी निघालीस. आवाज चढवला की, गुराखिणीसारखी ओरडू नको. हे मीही लहानपणी खाल्लंय आणि माझ्या पोरींना वाढलंय. तेव्हा आम्ही कोणी खरी गुराखीण पाहिलीच नव्हती. गुरं राखायला पुरुष जायचे. शब्द आपला शिवी द्यायला तेवढा होता. एकदा वाण्यानं लाडात येऊन धाकटीला गवळण म्हटलं. ही म्हणाली, "गवळण गाण्यातली, भाऊ. डोक्यावर घागर, कमरेत लचक. गुराखिणीवर कोणी गाणं रचलं का आजवर?" वाण्यानं वजन काट्यावर ठेवलं.

आमची घरं म्हणजे एकाच लांब घराचे दोन भाग. इकडं आमच्या दोन खोल्या, तिकडं त्यांच्या दोन. मधे एका विटेची भिंत. तिकडं झाकण पडलं की इकडं माझी मांजर दचकायची. त्यामुळं त्या दोघांचं कसं चाललंय हे विचारावं लागत नव्हतं. चांगलं चाललं होतं. दीर बोलका होता, म्हणजे गाईंशी. माणसांशी बोलायची त्याला सवय नव्हती. धाकटीशी तो आधी गाईंसारखंच बोलायचा, हळू, घशातून, एकच गोष्ट तीनदा. तिला ते आवडायचं. तीच मला सांगायची.

त्याची काम करायची एक रीत होती. दुसरे गुराखी गुरांच्या मागून चालतात, काठी घेऊन, हाकत. हा पुढं चालायचा. सकाळी सातला हौदापाशी उभा राहून घशातल्या घशात 'ह्यो' करायचा, मोठ्यानं नाही. लोक आपापली फाटकं उघडायचे. गाई रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या की तो पाठ फिरवून चालू लागायचा. मागं बघायचा नाही. "मागं बघितलं की त्या थांबतात," असं तो म्हणायचा. "त्यांना वाटतं, याचाच काही नेम नाही." त्याच्या अंगावर हिवाळाभर एक जाड, करडा कोट असायचा, रेल्वेतल्या कोणा कामगारानं टाकून दिलेला. पाठीला ठिगळ. उजव्या खिशात खडेमीठ. गाई त्या ठिगळावर नजर ठेवून चालतात असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो.

त्यांची मुलगी चार वर्षांची असताना दीर गेला. थंडीत छाती भरली आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. धाकटी सव्वीस वर्षांची होती.

त्याला पोचवून आलो, दोन दिवस सगळी सुन्न. तिसऱ्या दिवशी सकाळी लोकांनी सात वाजता गाई सोडल्या. कोणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. हाताला सवय, फाटकं उघडली. माणसांना कळलं होतं की गुराखी गेला. गाईंना कोण सांगणार? त्या हौदापाशी गेल्या, तिथं कोणी नाही असं पाहून त्याच्या दाराशी आल्या आणि उभ्या राहिल्या. बावीस गाई, तोंडातून वाफा.

धाकटीनं दार उघडलं. पोर काखेला. बाहेर कडाका होता म्हणून तिनं दाराजवळच्या खुंटीवरचा कोट ओढून अंगावर टाकला. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगते, गाईंनी एकदम माना वर केल्या. ती घाबरली. पोर माझ्याकडं देऊन त्यांना हाकलायला पुढं झाली, तर त्या बाजूला सरल्या. ती त्यांच्यातून रस्त्यावर गेली, तर त्या वळून मागं. ती चालली, त्याही चालल्या. परत कसं फिरावं हे तिला कळेना. मागं तर बघायचं नाही, हे तिला ऐकून माहीत. म्हणून ती चालतच राहिली, पार माळापर्यंत.

संध्याकाळी बावीसच्या बावीस घरी आल्या.

"त्यांना वाटलं तोच आलाय," सगळे म्हणाले. आम्हीही म्हटलं. तिनंही तेच धरलं. मला सांगितलं, "गाई ह्यांच्याच मागून येतात, जाऊबाई. मी नुसती कोटाच्या आत असते."

त्यानंतर सदतीस वर्षं.

हौदापाशी एक पत्र्याची पाटी आहे. गुरं सोडायची वेळ सात, आणि खाली गुराखी म्हणून दिराचं नाव. दर दोन वर्षांनी धाकटी काळ्या रंगाचा डबा घेऊन जायची आणि त्याच नावावरून कुंचला फिरवायची. बाकी लिहिण्यात तिचा हात माझ्यासारखाच कच्चा, पण ती सहा अक्षरं झोकात काढायची. पाटीवर तो गुराखी, आणि ती त्याची बायको. म्हणजे नाव अगदी बरोबर लागलेलं होतं, फक्त माणूस नव्हता.

कोट तिनं कधी धुतला नाही. उन्हाळ्यात खांद्यावर टाकून न्यायची, पण न्यायची. कोटाला वास यायचा हे सांगायला नकोच. वाणी म्हणायचा, गुराखीणबाई यायच्या आधी पाच मिनिटं त्यांचा कोट येतो. माळावर एक सपाट दगड आहे. दुपारी जेवायला ती कोट काढून त्या दगडावर पसरायची आणि शेजारी बसून डबा उघडायची. एकदा मी विचारलं, "दिवसभर एकटी कंटाळत नाहीस?" तर म्हणाली, "एकटी कुठं? दोघं असतो." तेवढंच. मी पुन्हा विचारलं नाही.

माणसांशी बोलणं मात्र तिचं सुटलं. घरी आली की माझ्याकडं यायचंही त्राण नसायचं. मग आमची एक रीत पडली. ती आली की चमच्यानं भिंतीवर दोनदा ठोकायची, म्हणजे आले. मी एकदा ठोकायची, म्हणजे कळलं. काही आठवड्यांत तेवढंच आमचं बोलणं. माझी माणसं एकेक करून गेली, काही वर, काही शहरात. मग माझ्याकडं येणारा आवाजही तेवढाच उरला.

तिची मुलगी हुशार निघाली. शाळेत तिला गुराखिणीची म्हणायचे. बाकावर शेजारी बसायला कोणी तयार नसायचं, वास येतो म्हणून. एकदा मास्तरनं वर्गात तिला सुनावलं, "गुराखिणीसारखी ओरडू नको." घरी येऊन ती मला म्हणाली, "मोठी आई, पण माझी आई तर कधी ओरडतच नाही." मी तिला खायला दिलं. पुढं ती शिकली आणि शहरात चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला लागली. लग्न झालं, मोडलं. आता तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. वर्षातून दोनदा आईकडं यायची आणि प्रत्येक वेळी तोच विषय काढायची.

"आई, एक खोली नुसती रिकामी आहे. लिफ्ट आहे. तुझे गुडघे बघ."

"गुडघ्यांना काय झालं? वाकतात की."

"वाकतात, पण उठत नाहीत."

"मग गाई काय तुझे बाबा येऊन बघणार?" असं म्हणून धाकटीच गप्प व्हायची. कारण तिच्या हिशेबानं गाई तोच तर बघत होता.

या हिवाळ्यात मुलगी आली ती आठ दिवसांची रजा काढून. आईचा पाय सुजलेला पाहून तिनं तोंडानं काही म्हटलं नाही, हातानं कामाला लागली. भांडी घासली, पडदे धुतले, खिडक्या पुसल्या. माहेरी आलेल्या मुलीला राग आला की ती घासायला घेते. एका संध्याकाळी धाकटी माळावरून आली, भिंतीवर ठोकलं, कोट खुंटीला लावला, पाय गरम पाण्यात सोडून बसली आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. मुलीनं कोट काढला. अंगणात मोठ्या टपात कढत पाणी ओतलं, साबणाचा चुरा टाकला आणि कोट बुडवला.

मी दारातून पाहिलं तेव्हा पाणी चहासारखं झालं होतं.

"अगं, हे काय केलंस?"

"तिसरं पाणी आहे हे, मोठी आई. तरी काळंच निघतंय. कशी घालते ही हे अंगात? आजारी पडेल ना." बाही कोपरापर्यंत, केसांना फेस. किती मायेनं करत होती ते तिच्या पाठीवरून दिसत होतं.

खिशातल्या वस्तू तिनं पायरीवर नीट मांडून ठेवल्या होत्या. मीठ, सुतळी, बोथट चाकू, दिराच्या वेळचं एक बटण.

धाकटी बाहेर आली. ओल्या पायांनी, सपाता न घालता. टपाकडं पाहिलं. मला वाटलं आता ओरडेल. एकदा तरी गुराखिणीसारखी ओरडेल. ती टपाजवळ खाली बसली, पाण्यात हात घातला आणि कोटाची कॉलर वर काढून हुंगली.

"गेला," ती म्हणाली.

"काय गेलं, आई?"

"वास."

"जायलाच हवा होता."

"तुझ्या बाबांचा होता."

मुलीचे हात तसेच फेसात राहिले. मग हळूच म्हणाली, "मला तो गाईंचाच वाटायचा. मी याच वासापासून लांब पळाले, आई. मला कोणी सांगितलंच नाही."

कोण सांगणार होतं? बाप आठवतच नव्हता तिला.

थोड्या वेळानं धाकटी मागच्या दारानं माझ्याकडं आली. ठोकण्यावर न भागवता स्वतः आली म्हणजे काहीतरी होतं. चुलीजवळच्या स्टुलावर बसली. कोट नसला की ती केवढीशी दिसते हे मी विसरलेच होते. तपकिरी स्वेटर, बारीक मान.

"जाऊबाई, उद्या गाई येतील?"

"न यायला काय झालं?"

"कोट ओला आहे."

"वाळेल."

"या थंडीत चार दिवस नाही वाळायचा. आणि वाळून तरी काय? आता त्यात साबण आहे नुसता." हाताची बोटं एकमेकांत घालून ती बसली. "मी पोरीला सांगून टाकलंय. उद्या गाई माझ्यामागून आल्या नाहीत तर मी तिच्याबरोबर जाते. मग इथं माझं काय काम? तिलाही कोणी नाही. एकटीच जेवते ती, उभ्या उभ्या, ओट्याशी. काल बोलता बोलता बोलून गेली."

"आणि आल्या तर?"

"कशा येतील? मी कोण त्यांची?"

मी चहा ठेवला. तोंडाला काम मिळावं म्हणून.

आता खरं तेच लिहिते. माझ्या जिभेवर एक गोष्ट आली होती. आजची नव्हे, फार वर्षांची होती. गाय जगून किती जगते? पंधरा, अठरा, फार तर वीस वर्षं. दीर गेला तेव्हा जी सगळ्यांत लहान होती, ती आमची तांबडी. महिन्याची कालवड होती. ती म्हातारी होऊन गेली. त्या दिवशीच मी चुलीपाशी बसून बोटं मोजली होती. तांबडीनंतर कळपात एकही गाय अशी उरली नव्हती जिनं माझ्या दिराला एकदा तरी पाहिलं होतं. मग त्या कोणाच्या मागून चालत होत्या? हे गणित चौथी नापास बाईलाही सुटतं. पण वस्तीत कोणी मांडलं नाही आणि मी मांडलेलं कोणाला दाखवलं नाही.

कारण सांगायचं म्हणजे काय सांगायचं होतं? गाई तुझ्यामागून येतात, हे चांगलंच की. पण त्याच्या पाठोपाठ दुसरं आलंच असतं. मग इतकी वर्षं त्या दगडावर तू कोणाबरोबर जेवत होतीस? हे माझ्यानं विचारवलं नसतं.

आणि माझाही जीव त्यात अडकला होता, उगीच साळसूदपणा कशाला. ती गेली की भिंतीपलीकडं कोण उरणार? 'गाई येतील' म्हटलं तरी माझा स्वार्थ, 'नाही येणार' म्हटलं तरी तिचं नुकसान. म्हणून जिभेवरचं मी चहाबरोबर गिळलं.

"झोप जा," मी म्हटलं. "मोरीला मी वेळेवर सोडते."

मोरी म्हणजे माझी गाय. कळपात ती पुढची. ती निघाली की बाकीच्या निघतात. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, तशी ती लंगडी नाही, पण शहाणपणाचा ताठा तसाच.

सकाळी सातला रस्त्यावर एवढी माणसं मी लग्नातही पाहिली नव्हती. कोट धुतल्याची बातमी घरोघरी गेली होती. जो तो गाय सोडायचं निमित्त करून फाटकाशी उभा.

"मीठ असलं खिशात की कोणाच्याही मागून येतात," वाणी म्हणाला. "गाय आहे ती, हेर नव्हे."

"माझा कोट देऊ का, गुराखीणबाई?" समोरचा सुतार म्हणाला. "वास हवा असेल तर त्यालाही आहे."

"त्या वासानं गाई पळतील," त्याची बायको म्हणाली. "मी पळून पळून दमले."

कोणी तरी हसलं. धाकटी हसली नाही. हौदापाशी उभी होती, स्वेटरवर शाल, हातात डबा. तिची मुलगी दारात उभी. रजेचे दोन दिवस उरले होते. तिच्या मागं खुंटी रिकामी दिसत होती.

धाकटीनं 'ह्यो' केलं. फाटकं उघडली. हल्ली चौदाच गाई आहेत. एकेक करून सगळ्या रस्त्यावर आल्या आणि थांबल्या. मी मोरीचं दावं सोडलं. ती फाटकातून डौलात बाहेर पडली, धाकटीच्या दिशेनं नाक वर केलं, हुंगलं. पुन्हा हुंगलं. आणि जागची हलेना.

धाकटीनं शाल घट्ट केली, पाठ फिरवली आणि चालू लागली.

दहा पावलं. वीस. गाई उभ्या. विजेचा खांब आला, गेला. सुतारानं टोपी काढून हातात घेतली, का ते त्यालाच माहीत. पिठाच्या गिरणीचा कोपरा आला तशी धाकटीची पावलं लहान झाली. मागून खुरांचा आवाज नाही, हे तिला कळत होतं. तरी तिनं मागं पाहिलं नाही. मी दावं हातात धरून उभी होते आणि मनात मोरीला नाही नाही ते बोलत होते.

मोरीनं आधी तिथंच भर रस्त्यात मुतून घेतलं. सावकाश. कान झटकले. आणि निघाली, जणू एवढ्यासाठीच थांबली होती. तिच्यामागं सुताराची ढवळी, मग बाकीच्या, आपापल्या जागी, रोजच्यासारख्या.

"आल्या की," वाणी म्हणाला. "म्हटलं नव्हतं मी?" त्यानं म्हटलं नव्हतं.

खुरांचा आवाज कोपऱ्यापर्यंत पोचला तशी धाकटी थांबली. आणि तिनं वळून पाहिलं. सदतीस वर्षांत पहिल्यांदा. गाईही थांबल्या. चौदा गाई आणि ती, एकमेकींकडं बघत होत्या. तिनं एकेकीचं तोंड पाहिलं. मोरीचं, ढवळीचं, शेवटच्या कालवडीचं. मला लांबूनही कळलं की ती काय मोजतेय.

तिच्या तोंडावर आनंद नव्हता. दीर गेला तेव्हा ती अशी दिसली नव्हती. तेव्हा दारात बावीस गाई उभ्या होत्या, तिला सवडच नव्हती.

मग ती वळली आणि कोपऱ्याआड गेली. गाई मागून.

दिवसभर तिची मुलगी माझ्याकडंच होती. चुलीसमोर दोन खुर्च्या मांडून तिनं कोट त्यांच्यावर पसरला होता आणि तो उलटा-सुलटा करत बसली होती.

"दुकानात विचारतात, आई काय करते," ती म्हणाली. "मी सांगते, घरी असते. सदतीस वर्षांत ती दिवसा घरी कधी होती, मोठी आई?"

"आजारी पडली तेव्हा एकदा होती. अर्धा दिवस."

"शाळेत मला तिच्या नावानं चिडवायचे. मला वाटायचं, गुराखीण म्हणजे काहीतरी कमी. आज तिला जाताना पाहिलं. एकदाही ओरडली नाही गं ती."

मी म्हटलं, "गुराखीण कशी असते हे आपल्यात कोणाला ठाऊक होतं? ही पहिलीच."

ती कोट उलटून बसली. म्हणाली, "म्हणजे ती आता येणार नाही."

"नाही वाटत."

"बरं," ती म्हणाली. असं 'बरं' मी माझ्या लेकीच्या तोंडून फोनवर पुष्कळदा ऐकलंय.

उजेड जायच्या सुमारास गाई आल्या. मोरी आपणहून आत शिरली. मी चमच्याच्या आवाजाची वाट पाहत होते, पण आली ती धाकटीच. डबा तसाच होता, झाकण न उघडलेला. स्टुलावर बसली.

"जाऊबाई, तांबडी जाऊन किती वर्षं झाली?"

"एकोणीस."

तिनं मान हलवली. तिचंही तेवढंच आलं होतं.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"कालही होतं."

"कालही होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू काल विचारलंस, गाई येतील का. कोणाच्या मागून येतात ते नाही विचारलंस."

तिनं चुलीकडं पाहिलं. तिथं खुर्च्यांवर कोट होता. स्वच्छ, फुगलेला. त्याचा खरा रंग निळा होता हे आम्हाला दोघींनाही ठाऊक नव्हतं.

"आज माळावर मी एकटीच होते," ती म्हणाली.

रोज एकटीच जायची ती. पण हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी ताट वाढलं. तिच्या मुलीलाही हाक मारली. तिघी जेवलो. मुलीनं आईच्या ताटात दोनदा वाढलं, आणि दोन्ही वेळा धाकटी नको म्हणाली नाही.

तिसऱ्या दिवशी मुलगी बसनं गेली. जाताना कोट मागितला. धाकटीनं खिसे तपासले, मीठ काढून शालीच्या टोकाला बांधलं, बटण तसंच आत राहू दिलं आणि कोट घडी करून दिला. "तिकडं थंडी असते," म्हणाली. तिकडं घरं गरम असतात, हे तिला मुलीनं दहा वेळा सांगितलं होतं.

आता ती नुसत्या शालीवर जाते. गाई मागून जातात. दगडावर काही पसरत नाही, नुसती बसते, असं तिनंच सांगितलं. हल्ली थोडं जास्त सांगते. मुलीशी आठवड्यातून एकदा माझ्या फोनवरून बोलते, मोठ्यानं, कारण फोन लांबवर जायचा असतो ना. मी म्हणते, गुराखिणीसारखी ओरडू नको. ती म्हणते, मग कोणासारखी ओरडू?

पाटीला या वर्षी रंग द्यायचा होता. डबा तिच्या पायरीवर आहे, कुंचला वाळून कडक झालाय. नावाची पहिली तीन अक्षरं पुसट झाली, मागची अजून वाचता येतात. नवीन राहायला आलेल्या कोणीतरी परवा मला विचारलं, गाय सोडायची तर कोणाकडं? मी म्हटलं, सातला हौदापाशी या. तिथं गुराखीण असते.

संध्याकाळी भिंतीवर दोनदा वाजतं. मी एकदा ठोकते. मग बराच वेळ काही वाजत नाही, आणि कधी कधी पुन्हा दोनदा वाजतं. याचा अर्थ आम्ही ठरवलेला नाही. मी आपली पुन्हा एकदा ठोकते.